सेराफिनाचा लांबलेला उपास

सेराफिना आमची घरमालकीण. भांडुपच्या गावठाणात तिच्या नवऱ्याचं, क्लेमेंटचं, जुनं कौलारू घर होतं आणि त्या घराला चिकटून भाड्याने द्यायला काढलेल्या तीन खोल्या. मधली आमची. आम्ही मालवणकडचे, आमचे हे गिरणीत. ते लोक इथलेच मूळचे, पिढ्यान्‌पिढ्यांचे ख्रिस्ती, भातशेती करणारे. घरात मराठीच, पण त्यांची मराठी वेगळी आणि आमची मालवणी वेगळी. पहिलं वर्षभर आम्ही दोघी एकमेकींचं निम्मं बोलणं अंदाजाने समजून घ्यायचो. अंदाज चुकला की हसायचो. त्या हसण्यावरच मैत्री झाली.

घरमालकीण म्हटल्यावर भांडायला तर ती यायचीच, पण हातात माझ्यासाठी भेंडी घेऊन. विहिरीवर पाणी किती सांडलंस म्हणून ओरडायची, भेंडी उंबऱ्यावर ठेवायची आणि उत्तर ऐकायला न थांबता जायची. चौकड्यांचं लाल लुगडं घट्ट आवळलेलं, चाल अशी की सोबत जायचं तर आपल्याला धावावं लागे. आवाजाचं तर विचारू नका. शेतात उभी राहून तिने "क्लेमेंऽऽट" केलं की रस्त्यावरचे टांगेवाले मान वळवत. क्लेमेंट मात्र वळत नसे. त्याला सवय होती.

उन्हाळ्यात त्यांच्याकडे वर्षाचा मसाला कुटायचा असतो. मिरच्या, धणे, हळकुंडं आणि नावं ऐकूनच दमायला होईल इतके जिन्नस अंगणात वाळत पडायचे. मग ते भाजायचे, उखळीत कुटायचे आणि तपकिरी बाटल्यांत ठासून भरायचे. म्हणून नाव बाटली मसाला. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं, आणि ते घराबाहेर सांगायचं नाही म्हणजे नाहीच. सासू सुनेला सांगते, तेही सून जरा मुरली की. पोटच्या लेकीला नाही, कारण लेक दुसऱ्या घरची होणार. सेराफिनाची नणंद डोरोथी पलीकडच्याच आळीत दिलेली, ती कायम त्या प्रमाणाच्या मागे.

"माझ्या आयचा मसाला हाय तो, वयनी."

"मग आय होती तवा तिलाच विचारायचा होतास."

कुटायला दोघी लागतात. एक मुसळ वर, एक खाली, एकाच उखळीत. तोल चुकला तर दुसरीच्या हाताचा चुरा. माझी काकणं वर सारून, पदर खोचून सेराफिनाने मला कुटायला शिकवलं. पण जिन्नस मोजायच्या वेळी मला बाहेर काढून दार लावून घ्यायची.

अशी बाई गप्प झाली.

साल सदुसष्ट असेल नाहीतर अडुसष्ट. नाताळात ठीक होती. नवीन वर्ष लागलं आणि तिचं बोलणं कमी कमी होत गेलं. घडलं काय म्हणाल तर काही नाही. शेताचा एक तुकडा कारखान्यात गेला होता, पण तो आधीच्या सालात, आणि तेव्हा ती सगळ्यांना शिव्या देऊन मोकळी झाली होती. पोरं धडधाकट, नवरा पिणारा नाही. काही घडलेलं असतं तर लोकांना बरं पडलं असतं. मयत असेल तर चार दिवस जाऊन बसता येतं. इथे जाऊन बसायचं कशासाठी?

त्यातच त्यांचे उपासाचे दिवस लागले. ईस्टरच्या आधी सहा-सात आठवडे ते लोक मटण सोडतात, काही जण एकवेळ जेवतात, लग्नंकार्यं बंद, गाणंबजावणं बंद. सेराफिनाने पहिल्याच दिवसापासून पेजेवर दिवस काढायला सुरुवात केली. पुढे पेजही अर्धी राहायला लागली. रंगीत लुगडं जाऊन काळपट आलं. देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, जाऊन तासन्‌तास गुडघ्यावर. शुक्रवारी क्रुसाची वाट म्हणून प्रार्थना असते, त्यात ती अशी रडायची की बायका आपली प्रार्थना सोडून हिच्याकडे बघायच्या.

आणि सगळं गावठाण खूश! डोरोथी तर हवेत. "आमची वयनी बघा. उपास म्हंजे उपास. नायतर तुम्ही, शुक्रवारी मटण नाय म्हणून कोळंबी दामटून खाता." ज्यांना सेराफिनाच्या जिभेची भीती वाटायची त्या बायका आता तिला वाट करून द्यायच्या. फादरनीसुद्धा म्हणे सांगितलं की भक्ती शिकावी तर हिच्याकडून.

मीही आधी मान डोलावली. पण मी उपास करणारी बाई आहे. सोमवार, एकादशी, संकष्टी, काही सोडलं नाही. उपास करणाऱ्या बाईला मी आतून ओळखते. तिचा एक डोळा देवावर आणि एक घड्याळावर असतो. उपासाच्या दिवशी जेवणाचं जेवढं बोलणं होतं तेवढं दिवाळीतही होत नाही. साबुदाणा भिजला का, चंद्र उगवला का. सेराफिनाला भूकच नव्हती. पेजेचा वाडगा समोर ठेवला तर ती त्याच्याकडे अशी बघायची, जसं काही कोणी दगड आणून ठेवलाय.

आणि हात. तिचे हात एका जागी राहीनात. धुतलेलं भांडं परत धुवायची. लुगड्याचा काठ मुठीत धरायची, सोडायची, धरायची. अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या. मी म्हटलं, "अगं, बस ना जरा."

"बसवत नाय गं, रत्ना. आत काय तरी पळतंय."

"झोपतेस का नीट?"

"पाटेच डोळे उघडतात. मग कौलं बघत पडते."

मी यांना सांगितलं. हे म्हणाले, "तुका काय करूचा असा? त्येंचो धर्म, त्येंचो उपास. ईस्टर झालो की खातली पोटभर."

ठीक. मीही ईस्टरची वाट बघायला लागले.

ईस्टरच्या सकाळी सेराफिनाचे फुगे यायचे आमच्याकडे. ताडी घालून पीठ फुगवतात आणि त्याचे गोळे तळतात, पोकळ, हलके. आमची पोरं त्या दिवशी दात घासायच्या आधी दारात उभी. त्या साली ऊन वर चढलं तरी ताट आलं नाही. आळीतून तळणाचा वास, सगळीकडे हसणं, नवे कपडे. मी वाट बघून बघून तिच्या स्वयंपाकघरात गेले.

ती चुलीसमोर पाटावर बसली होती. चूल थंड. शेजारी पिठाचं मोठं पातेलं. पीठ फुगून पातेल्याबाहेर आलं होतं, काठावरून ओघळून जमिनीवर उतरलं होतं. त्याच्यावर माश्या. ती बघत होती, पण उठत नव्हती.

"सेराफिना, अगं ईस्टर ना आज?"

"हां." मग पिठाकडे बघतच, "सगळ्यांचा उपास सुटला, रत्ना. माझा सुटत नाय."

मी पीठ गोळा केलं, चूल पेटवली, जमतील तसे फुगे तळले. ते फुगले नाहीत. क्लेमेंटने देवळातून येऊन एक खाल्ला आणि जमिनीवरचा पिठाचा डाग पायाने पुसला. तेव्हा मला वाटलं, यालाही कळलंय.

पण कळणं वेगळं आणि वळणं वेगळं. डोरोथी मीठ-मिरच्या घेऊन आली. दिष्ट लागली म्हणाली, गावाने एवढं नावाजलं म्हणजे लागणारच. ओवाळून चुलीत टाकल्या, सगळं घर खोकलं, सेराफिना सोडून. आमच्या शेजारच्या खोलीतल्या बाईने विहिरीवरच्या कुठल्याशा भुताचं नाव घेतलं. मी क्लेमेंटला म्हटलं, "भाऊ, डॉक्टरला दाखवा."

"ताप नाय, खोकला नाय. काय दाखवू?"

"झोप नाही, जेवण नाही, हे दाखवा."

तो एकदम चिडला. "म्हंजे ठाण्याला पाठवू? ती येडी नाय!"

तेव्हा मनाचा डॉक्टर म्हटलं की लोकांना एकच ठाऊक, ठाण्याचं वेड्यांचं इस्पितळ. पोरंसुद्धा खेळताना एकमेकांना ठाण्याला पाठवायची. आता नाती सहज म्हणतात, आजी, तिला डिप्रेशन आहे. आमच्याकडे तो शब्दच नव्हता. वेडा नाहीतर शहाणा, मध्ये घर नाही.

क्लेमेंटने आपल्या परीने उपाय काढला. कामाला लागली की बरं वाटेल. मसाल्याचे दिवस होतेच. मिरच्या आणल्या, वाळवल्या, आणि त्याने आम्हा दोघींना उखळीपाशी बसवलं. मी मुसळ उचललं, तिने उचललं. दोन घाव बरे पडले. मग माझं मुसळ खाली येत होतं आणि तिचा हात अजून उखळीतच, मिरची सारत. मी कसंबसं बाजूला फिरवलं, मुसळ दगडावर आपटलं, माझ्या खांद्यातून कळ गेली. मी ओरडले, "हात! हात काढ की गं!"

ती घाबरली नाही. हात बघत राहिली, जसा कोणा दुसऱ्याचा आहे. ती सेराफिना, जिचा तोल कधी चुकला नाही.

त्या दिवसापासून माझं कामात लक्ष लागेना. विहिरीच्या रहाटाचा आवाज आला की मी दारात. आवाज थांबला की परत दारात. भात करपायचा, पोरांना ओरडायची, ओरडून परत बाहेर बघायची. यांनी विचारलं, "तुका झाला काय?" मला तरी कुठे सांगता येत होतं.

दोन-चार दिवसांनी दुपारी तिने मला आत बोलावलं. दार लावून घेतलं. समोर बसवलं. आवाज शांत, कित्येक दिवसांत इतका शांत नव्हता.

"रत्ना, नीट ऐक. मध्ये बोलू नको. लाल मिरची अमुक, ती दुसरी रंगाची तमुक..."

ती मला मसाल्याचं प्रमाण सांगत होती. सगळं. काय आधी भाजायचं, काय शेवटी, काय अजिबात भाजायचं नाही. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला आनंद झाला. डोरोथीला नाही मिळालं आणि मला मिळालं! मी मनात घोकायला लागले. धणे एवढे, हळद एवढी. आणि घोकता घोकता मी थांबले. ही मला का सांगतेय? मी हिची सून नाही, जातीची नाही, धर्माची नाही. हिचा लेक अजून शाळेत, त्याची बायको येईल तेव्हा हिनेच नाही का सांगायचं?

"मला का सांगतेस गं?"

"लेकाची बायको येल तवा तिला सांग. तू इथंच असशील ना."

"आणि तू कुठे असणार आहेस?"

ती माझ्याकडे बघून हसली. ते हसू मला आवडलं नाही.

मी माझ्या थोरल्या लेकीला हाक मारून तिच्याजवळ बसवलं, मावशीला एकटी सोडून उठायचं नाही म्हणून बजावलं, आणि धावत शेतावर गेले. क्लेमेंट वांग्यांना पाणी लावत होता. मी धापा टाकत म्हटलं, "भाऊ, तिने मला मसाला सांगितला."

झोप नाही म्हणून सांगितलं तेव्हा तो ढिम्म. जेवण नाही म्हणून सांगितलं तेव्हाही. पण हे ऐकून त्याचा चेहरा उतरला. हातातलं फावडं तसंच पाण्यात पडलं.

"सगळा?"

"सगळा."

एवढंच बोलणं झालं. त्याला आणखी काही समजवावं लागलं नाही. पायाचा चिखलही न धुता तो घराकडे निघाला, मी मागे. त्याच पावली आम्ही तिला दोघांच्या मध्ये धरून म्युनिसिपालटीच्या दवाखान्यात नेलं.

तिथे वसुधाबाई म्हणून डॉक्टर होत्या, रोडक्या, करड्या आवाजाच्या. त्यांनी नाडी बघितली, डोळे बघितले, झोपेचं विचारलं, भुकेचं विचारलं, मग क्लेमेंटला बाहेर उभं केलं. मला थांबू दिलं, कारण सेराफिनाने माझा हात धरून ठेवला होता. मग त्यांनी सरळ विचारलं, "मरावंसं वाटतं का?"

मला धक्काच बसला. असं विचारतात का कोणी? विचारून नसलेलं डोक्यात भरायचं! पण सेराफिनाच्या हाताची पकड सैल झाली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

"रोज," ती म्हणाली. "पोरं शाळंत गेली की."

"काही ठरवलंत?"

"विहीर हायच दारात."

आणि ती रडली. देवळात रडायची तशी नाही. लहान मूल दमून रडतं तशी.

क्लेमेंटला आत बोलावून वसुधाबाई आम्हाला मग चांगल्याच बोलल्या. "ताप दोन दिवसांत उतरला नाही तर धावत येता ना? ही बाई दोन-दोन महिने जेवत नाही, झोपत नाही, आणि तुम्ही बघताय?"

क्लेमेंट खाली मान घालून म्हणाला, "आम्हाला वाटला उपास हाय."

"ठाण्याला पाठवणार?" मी विचारलं, कारण तो विचारणार नव्हता.

"कोण म्हणालं? मोठ्या हॉस्पिटलात मनाच्या आजाराचे डॉक्टर बसतात. दाखवायचं, औषध घ्यायचं, घरी यायचं. उद्याच जा. तोवर हिला एकटी ठेवू नका. आणि विहिरीवर झाकण टाका."

क्लेमेंटने संध्याकाळच्या आत विहिरीवर फळ्या ठोकल्या. आळीने विचारलं तर म्हणाला, मांजर पडलं होतं.

पण आळीला काय ते कळलंच. दुसऱ्या दिवशी आम्ही निघतोय तर डोरोथी दारात आडवी. तिचा राग मला आधी समजला नाही. मग समजला. "म्हंजे काय वयनी? सगळा गाव तुला मानतो. तुझी भक्ती काय रोग होता? मी लोकांना काय सांगू?"

"लोकांना सांग, मांजर पडलं होतं," मी म्हटलं. क्लेमेंटने माझ्याकडे बघितलं. पण सेराफिना तिथेच थांबली. डोरोथीचं बोलणं तिला लागलं होतं. आग्रा रोडवर बसमध्ये बसल्यावरही ती मागे वळून वळून बघत होती.

हॉस्पिटलातला डॉक्टर अगदी तरुण, माझ्या धाकट्या दिरासारखा. त्याने सगळं ऐकून घेतलं, सांगितलं की हा आजार आहे, याला नाव आहे, औषध आहे. नाव आहे म्हटल्यावर क्लेमेंटने श्वास सोडला. सेराफिनाने मात्र विचारलं, "डाक्टर, मग माझी प्रार्थना खोटी होती काय?"

तो गडबडला. पेन खाली ठेवला. "ते मला नाही सांगता येणार, बाई. ते तुमचं आणि देवाचं. जेवण आणि झोप तेवढी माझ्याकडे द्या."

तिने हात पुढे केला. मग म्हणाली, "द्या औषध."

औषधाने लगेच उजाडलं असं सांगितलं तर खोटं होईल. डॉक्टरने आधीच सांगितलं होतं, दोन-तीन आठवडे फरक वाटणार नाही, तरी बंद करायचं नाही. ते आठवडे फार वाईट. तिचं तोंड सुकायचं, हात कापायचे, ती म्हणायची उपयोग नाय. गोळ्या तिच्याकडे ठेवायच्या नव्हत्या, म्हणून माझ्या पोह्याच्या डब्यात. सकाळ-संध्याकाळ मी जाऊन, समोर उभी राहून, एक-एक द्यायची. एकटी सोडायची नाही म्हणून पाळी लावली. दुपारी मी. संध्याकाळी क्लेमेंट. आणि सकाळी कोण? तर डोरोथी. तीन दिवस फुरंगटून बसली, मग एका सकाळी भाजीची परडी घेऊन आली आणि सेराफिनासमोर निवडायला बसली. पुढे रोज यायला लागली.

त्या डोरोथीने एकदा फुगे करून आणले. सेराफिनाने एक तोडला, चावला, बराच वेळ चावत राहिली.

"डोरोथी, दात पडतील गं. दगड हाय का काय?"

डोरोथीला राग यायला हवा होता. ती उठून अंगणात गेली आणि पदरात तोंड खुपसून रडली.

पुढे मसाला त्या साली उशिरा झाला, पाऊस तोंडावर असताना. मोजायच्या वेळी सेराफिनाने मला बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. मला सगळं पाठ होतं हे तिलाही ठाऊक होतं. मी मुकाट बाहेर बसले. इतका मान मला आयुष्यात क्वचित मिळाला असेल.

डॉक्टरने सांगितलं तोवर तिने औषध घेतलं, मग त्याच्या सांगण्याने हळूहळू कमी केलं. काही वर्षं झकास गेली. भेंडी, भांडण, "क्लेमेंऽऽट". मला वाटलं, गेलं ते गेलं.

मग एका साली नाताळ तोंडावर होता. त्यांच्याकडे फराळाचं चाललेलं, पोरं जेवणाच्या काट्याच्या पाठीवर पिठाचे कुलकुल, म्हणजे गोड शिंपले, वळत बसलेली. सेराफिना पिठाच्या हातांनी माझ्या दारात आली.

"रत्ना, उद्या तुझा काय काम हाय?"

"का गं?"

"मला परत पाटेच जाग येते. जेवणाला चव नाय. आत पळायला लागलंय." ती बोलत होती आणि हात लुगड्याच्या काठाशी जात होते. तिने ते बघितलं आणि मुठी मिटल्या. "आता तर उपास पण नाय. नाताळ हाय. म्हंजे तोच आजार हाय."

"कधीपासून?"

"आठ-दहा दिस. आधी मला वाटला दमले असेन."

मागून डोरोथीचा आवाज आला, "वयनी, सण होऊन जाऊ दे. पावणे येतील, एवढा पसारा हाय..."

"पसारा तू बघ," सेराफिना म्हणाली. "कुलकुल जाळू नको म्हंजे झाला."

सकाळी ती माझ्याआधी तयार होऊन दारात उभी. बसमध्ये खिडकीशी बसली, माझा हात घट्ट धरून, आणि सगळा रस्ता पाय हलवत राहिली. घाटकोपर गेलं, तिने दोनदा विचारलं, आलं का. हॉस्पिटलात डॉक्टर नवीन होता. आमचा नंबर आला तशी मी तिच्या वतीने सांगायला तोंड उघडलं, आधीच्या वेळची सवय. तिने मला कोपराने मागे सारलं, स्टूल पुढे ओढून त्यावर बसली आणि त्याच्या हातातल्या पेनाकडे बोट करून म्हणाली, "लिवा. मी सांगते."